लोहखनिज चढलं तरी ऑसी का नाही चढला? आणि येन नेमका कधी आसरा देतो?

अनुस्वार

नमस्कार. गेले चार महिने फावल्या वेळात मी एक तक्ता बनवतेय. एका रकान्यात ऑस्ट्रेलियन डॉलर (बाजारात त्याला ऑसी म्हणतात) आणि येन यांचा महिनाअखेरचा भाव, शेजारी ऑस्ट्रेलियन डॉलर-फ्रँक, आणि त्यापुढे लोहखनिजाचा टनामागचा भाव. सुरुवात २००८ पासून. मी अनुवादाचं काम करते. त्यात आर्थिक अहवाल बरेच येतात आणि जवळपास प्रत्येक अहवालात एकच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत भेटतं: कमोडिटीचे, म्हणजे तेल-खनिजासारख्या कच्च्या मालाचे, भाव वाढले की ऑस्ट्रेलिया, कॅनडा, नॉर्वे, न्यूझीलंड यांची चलनं वधारतात, आणि जगात घबराट पसरली की येन आणि स्विस फ्रँक. हे वाक्य मी इतक्या वेळा मराठीत आणलंय की एकदा ते स्वतः पडताळून बघावंसं वाटलं.

काही ठिकाणी जमतं. २०११ च्या सुरुवातीला लोहखनिज १९० डॉलरच्या आसपास होतं आणि त्याच वर्षी जुलैत एका ऑस्ट्रेलियन डॉलरला जवळपास १.१० अमेरिकन डॉलर मिळत होते. डिसेंबर २०१५ मध्ये खनिज ४० च्या खाली गेलं, ऑसी ७२ सेंटवर. इथवर ठीक. पण मे २०२१ मध्ये खनिज २३० च्या वर गेलं, तोवरचा विक्रमी भाव, आणि ऑसी ७८ सेंटच्या आसपासच घुटमळत राहिला. २०११ पेक्षा खनिज महाग आणि चलन जवळपास तीस टक्क्यांनी स्वस्त. दोन्ही आकडे मी तीनदा तपासले.

दुसरी अडचण २०२२ ची. युरोपात युद्ध सुरू झालं, म्हणजे घबराटीला कारण होतं. तरी डॉलरमागे ११५ असलेला येन ऑक्टोबरात जवळपास १५२ पर्यंत घसरला. फ्रँक मात्र त्याच वर्षी युरोपेक्षा महाग झाला. दोघंही आसऱ्याची चलनं म्हणवतात, मग एकाच वर्षी दोन वाटा कशा?

मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी नाही. सूत्रं चालतील, पण शक्यतो पैसा प्रत्यक्षात कुठून कुठे जातो ते समजावून सांगितलंत तर बरं होईल.

पाटीपेन्सिल

ताई, तुमच्या तक्त्यात एक रकाना राहिलाय: व्याजदरांतला फरक. २०११ च्या मध्यावर ऑस्ट्रेलियाच्या रिझर्व्ह बँकेचा दर ४.७५ टक्के होता आणि अमेरिकेचा शून्य ते पाव टक्का. मे २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियाचा दर होता ०.१० टक्के. पहिल्या वेळी ऑसी नुसता जवळ ठेवला तरी वर्षाला साडेचार टक्के पदरात पडत होते, दुसऱ्या वेळी काहीच नाही. खनिजाचा भाव कितीही असो, ज्या चलनावर व्याजच नाही ते कोण कशाला साठवेल?

२०२२ चंही तेच. अमेरिकेनं वर्षभरात दर शून्याजवळून सव्वाचार ते साडेचार टक्क्यांवर नेला, जपाननं उणे ०.१० वरच ठेवला. येन पडला. माझ्या मते ऐंशी टक्के प्रश्न इथेच सुटतो.

उत्तररात्र

अनुस्वारताई, प्रश्न मनापासून आवडला. पाटीपेन्सिल यांचं उत्तर खरं आहे, पण अर्धं. पैसा एखाद्या चलनात का आला हे व्याजदर सांगतो. तो कधी आणि किती घाईनं बाहेर पडेल हे सांगत नाही, आणि तुमच्या दोन्ही क्रॉसमधली (अमेरिकन डॉलर वगळून दोन चलनांच्या आपसांतल्या भावाला क्रॉस म्हणतात) निम्मी कहाणी त्या घाईचीच आहे.

मी अकरा वर्षं चलनांच्या डेस्कवर होतो, बहुतेक काळ रात्रपाळीला. ऑसी-येन माझ्याकडे असायचा. त्यामुळे लांबलचक लिहितोय, वाचायला वेळ लागेल.

सगळ्यात आधी तो क्रॉस मोडून बघा. ऑसी-येन असा स्वतंत्र भाव मुळात जन्माला येत नाही. ऑसी-डॉलर गुणिले डॉलर-येन, एवढंच ते आहे. जुलै २००८ मध्ये ऑसी ९८ सेंट आणि डॉलर-येन १०६, म्हणजे एका डॉलरला १०६ येन. गुणाकार १०४ च्या जवळ. ऑक्टोबरातल्या तळाला ऑसी ६० सेंट, डॉलर-येन ९२. गुणाकार ५५. तीन महिन्यांत निम्मा. आता डॉलर-येन १०६ वरच राहिला असता तर? ६० सेंट गुणिले १०६, म्हणजे ६३ च्या वर. एकूण घसरण ४९ येनची, त्यातले चाळीस ऑसीच्या पायानं, म्हणजे ऑसी-डॉलरच्या घसरणीनं गेले आणि आठ-नऊ येनच्या.

हाच हिशोब मार्च २०२० चा करा. वर्षाच्या सुरुवातीला ऑसी ७० सेंट, डॉलर-येन १०८-१०९, म्हणजे ७६. एकोणीस मार्चला ऑसी ५५ सेंट आणि डॉलर-येन पुन्हा १०९ च्याच आसपास. गुणाकार ६०. म्हणजे येननं शेवटी काहीच केलं नाही! मधे नऊ मार्चला तो १०१ पर्यंत वधारला होता, पण पुढच्या दोन आठवड्यांत सगळं परत देऊन बसला. कारण त्या आठवड्यांत जगाला फ्रँक नको होता, येन नको होता, सोनंही लोक विकत होते. हवे होते रोख अमेरिकन डॉलर. कर्जं डॉलरमध्ये, हप्ते डॉलरमध्ये, तारण डॉलरमध्ये. तुमच्या तक्त्यात २००८ आणि २०२० ची घसरण एकसारखी दिसेल, पण आतली यंत्रणा वेगळी होती. म्हणून माझी पहिली विनंती: क्रॉसच्या रकान्याशेजारी त्याचे दोन्ही पाय वेगळे मांडा.

आता २००८ मध्ये ऑसी एवढा का कोसळला ते बघू. तुम्ही म्हणाल, खनिज उतरलं म्हणून. पण त्या काळी लोहखनिजाचा बराच मोठा व्यापार वार्षिक करारांवर चालायचा. पोलाद कारखाने आणि खाणवाले वर्षातून एकदा बसून भाव ठरवायचे आणि तो एप्रिल ते मार्च चालायचा. ती पद्धत २०१० मध्ये मोडली. २००८ च्या वर्षाचे करार तर फारच चढ्या भावानं झाले होते. हजर बाजार, म्हणजे लगेच उचलायच्या मालाचा भाव, कोसळला हे खरं, पण करारातला भाव कागदावर तसाच होता आणि चलन येनच्या तुलनेत निम्मं झालं होतं. करारातल्या भावानं चलन ओढलं म्हणावं, तर चलन त्याच्या कितीतरी पुढे धावत होतं.

चलन ओढलं ते कॅरी ट्रेडनं. मार्च २००८ पासून ऑस्ट्रेलियाचा दर ७.२५ टक्के, जपानचा अर्धा टक्का. येनमध्ये कर्ज काढायचं, ते विकून ऑसी घ्यायचा, आणि मधले पावणेसात टक्के खिशात घालायचे. हे फक्त मोठे फंड करत नव्हते. जपानमधले घरगुती गुंतवणूकदारही संध्याकाळी स्वयंपाक आवरून हे सौदे करायचे. बाजारात त्या सगळ्यांना मिळून ‘मिसेस वातानाबे’ म्हणत. तिथल्या किरकोळ खात्यांवर तेव्हा ठेवीच्या शंभरपट सौदेही होत. मर्यादा नंतर आली, २०१० मध्ये पन्नासपट आणि २०११ मध्ये पंचवीसपट.

आजार हत्तीच्या पावलांनी येतो आणि मुंगीच्या पावलांनी जातो म्हणतात. कॅरीमध्ये नफा मुंगीच्या पावलांनी येतो आणि तोटा हत्तीच्या. पावणेसात टक्के वर्षाला, म्हणजे दिवसाला ०.०२ टक्क्यांच्या आत. आणि १०४ वरून ५५ म्हणजे ४७ टक्के. सात वर्षांचं व्याज तीन महिन्यांत गेलं. ज्यानं दहापटीनं सौदा केला होता त्याची ठेव पहिल्या दहा टक्क्यांतच संपली. ठेव संपली की सौदा त्याच्या इच्छेवर राहत नाही. यंत्रणा आपोआप पोझिशन कापते. कापणं म्हणजे ऑसी विकणं आणि येन विकत घेणं. त्यानं भाव आणखी खाली येतो आणि पुढच्या माणसाची ठेव संपते.

ऑक्टोबरातली एक रात्र मला स्पष्ट आठवते. सत्तरला ऑसी-येन मला स्वस्त वाटला होता, आणि माझ्या अधिकारात बसेल एवढी खरेदी मी केली होती. माझा तर्क कच्चा नव्हता. ऑस्ट्रेलियाच्या बँका धड होत्या, सरकारवर कर्ज थोडं होतं, चीनची मागणी परत येणार होती. पुढे तो देश मंदीत गेलाही नाही. तरी मी चुकलो. त्या रात्री पडद्यावर खरेदीचे भाव दिसेनासे व्हायला लागले. एरवी दोन-तीन पॉइंटच्या फरकानं भाव देणारी मंडळी पाव-पाव येनचा फरक मागत होती, आणि तोही अगदी छोट्या रकमेपुरता. फोनवर भाव विचारला तर पलीकडचा आधी विचारायचा, “विकणार की घेणार?” एरवी हा प्रश्न विचारणं आमच्या धंद्यात अपमान समजतात. मी बासष्टला सगळं कापलं. पंचावन्न बघितला तेव्हा माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं. तर्क बरोबर असणं आणि तो खरा ठरेपर्यंत टिकून राहणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या महिन्यानं शिकवलं.

यातून एक गोष्ट लक्षात घ्या. त्या रात्री येन विकत घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांना येन ‘सुरक्षित’ वाटत होता. त्यांना तो परत करायचा होता. कर्जाऊ आणलेला पैसा परत जात होता आणि लांबून बघणाऱ्याला ते पळून आसऱ्याला जाणं वाटत होतं.

आसऱ्याचा दुसरा झरा अधिक शांत आहे. जपान आणि स्वित्झर्लंड हे धनको देश. जगाकडून त्यांचं घेणं मोठं आहे, देणं त्या मानानं थोडं. स्वित्झर्लंडचं उदाहरण घ्या. तो देश वर्षानुवर्षं परदेशांतून जास्त कमावतो आणि कमी खर्च करतो. चालू खात्यावर शिल्लक उरते, म्हणजे जगाला फ्रँक हवेच असतात. रोजच्या दिवशी स्विस बचतदार, पेन्शन फंड आणि बँका तेवढाच पैसा परदेशी रोख्यांत आणि शेअर्समध्ये पाठवतात, म्हणून भाव स्थिर राहतो. संकट आलं की ते काय करतात? बहुतेक वेळा काहीच नाही. फक्त पाठवणं थांबवतात. तेवढ्यानं फ्रँक चढतो. बाहेरचा एकही माणूस फ्रँककडे धावला नाही तरी चढतो.

जपानचं सगळ्यात बोलकं उदाहरण मार्च २०११ चं. अकरा तारखेला भूकंप आणि त्सुनामी, पाठोपाठ अणुभट्टीचा अपघात. साध्या बुद्धीला वाटेल की ज्या देशावर असं संकट आलं त्याचं चलन पडेल. सतरा तारखेला येन डॉलरमागे ७६.२५ पर्यंत वधारला, तोवरचा विक्रम. विमा कंपन्या परदेशातले रोखे विकून पैसा घरी आणतील या नुसत्या अपेक्षेनं आणि त्यात कापल्या गेलेल्या सौद्यांनी तो चढला. दुसऱ्या दिवशी सात मोठ्या देशांच्या मध्यवर्ती बँकांना एकत्र येऊन येन विकावा लागला. चलन चढलं म्हणजे देश सुरक्षित, असा अर्थ लावायला त्या आठवड्यात काहीही जागा नव्हती.

निळी शाई

उत्तररात्र, तुमचा शेवटचा परिच्छेद मी दोनदा वाचला. मला २०११ मध्ये हेच कोडं पडलं होतं आणि कुणी नीट सांगितलं नव्हतं.

नॉर्वेबद्दल थोडी भर घालते. तेल-वायूचे भाव चढले की क्रोनर चढायला हवा असं तक्ते सांगतात. पण तिथल्या तेल कंपन्यांची कमाई परकीय चलनात होते आणि करापुरते क्रोनर त्यांना विकत घ्यावे लागतात. सरकार त्या कराचा जो भाग खर्च करत नाही तो पेन्शन फंडात टाकतं, आणि तो फंड संपूर्णपणे परदेशी चलनांत गुंतवायचा असा नियम आहे. म्हणजे सरकारच्या वतीनं मध्यवर्ती बँक तेवढे क्रोनर पुन्हा विकते. २०२२ मध्ये वायूच्या भावानं कर खूप आला आणि बँक रोज क्रोनर विकत होती. एका हातानं घेतलेलं दुसऱ्या हातानं विकलं. फंडाचा हेतूच तो आहे, तेलाच्या पैशानं चलन फुगून बाकीचे उद्योग मरू नयेत. आणि बाजार लहान असल्यामुळे भीती पसरली की क्रोनर फार जोरात पडतो. मार्च २०२० मध्ये एका युरोला तेरा क्रोनरच्या वर गेला होता.

अनुस्वार

सगळ्यांचे आभार. उत्तररात्र, बासष्टला कापल्याचं वाचून वाईट वाटलं. इतकं मोकळेपणानं लिहिलंत म्हणून विशेष आभार.

दोन्ही पाय वेगळे मांडले. २०२० चा येन खरंच जागच्या जागी आहे! मग एक विचारते. खनिजाचा रकाना काढूनच टाकू का? भीती आणि व्याज हेच सगळं असेल तर ‘कमोडिटी चलन’ या नावात काही अर्थ उरतो का? आणि पाटीपेन्सिल यांच्या उत्तरानं २०२१ पूर्ण सुटतं का? कारण २०२१ मध्ये अमेरिकेतही व्याज शून्यच होतं.

खारा वारा

ताई, खनिजाचा रकाना ठेवा. मी बल्क कॅरियरवर (सुटा माल वाहणाऱ्या जहाजावर) चीफ ऑफिसर आहे, चलनाचा जाणकार नाही. पण तो माल मी स्वतः भरून घेतलाय, म्हणून तेवढ्यापुरतं सांगतो.

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट हेडलंड बंदरात केपसाइझ, म्हणजे अगदी मोठ्या आकाराचं, जहाज लागतं. पट्ट्यावरून लाल खनिज होल्डमध्ये पडत राहतं. दीड-एक दिवसात पावणेदोन लाख टनांच्या आसपास माल भरतो. डेकवर, नाकात, कपड्यांच्या शिवणीत, सगळीकडे ती लाल धूळ बसते. तिथे भरती-ओहोटीतला फरक मोठा आहे. भरलेलं जहाज खोल बसतं आणि खाडी उथळ, म्हणून भरती साधूनच बाहेर पडावं लागतं. एका भरतीला एकामागोमाग एक जहाजं निघतात आणि त्यातली बहुतेक चीनकडे. दोनेक आठवड्यांचा प्रवास.

आता टनाला १०० डॉलर धरा. एका जहाजात पावणेदोन कोटी अमेरिकन डॉलरचा माल झाला. हा पैसा डॉलरमध्ये येतो. त्यातला ऑसीत किती बदलावा लागतो, प्रश्न एवढाच आहे. रॉयल्टी, जी खनिजाच्या भुकटीवर ७.५ टक्के आहे. कंपनीच्या नफ्यावर ३० टक्के कर. पगार, रेल्वे, डिझेलचं बिल, स्थानिक ठेकेदार. हे सगळं ऑसीत. बाकीचा पैसा परदेशी भागधारकांचा लाभांश, परदेशातून घेतलेल्या यंत्रांची किंमत किंवा डॉलरमधलं कर्ज फेडण्यात जातो. त्याला ऑस्ट्रेलियन डॉलरचं तोंडही बघायला लागत नाही.

२०११-१२ मध्ये मी तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा चहूकडे बांधकाम होतं. नवे धक्के, नवे रेल्वेमार्ग, नव्या खाणी. राहायला खोली मिळत नसे. २०२१ मध्ये गेलो तेव्हा जहाजांची रांग मोठी होती, पण बांधकाम असं काहीच नव्हतं. होता तोच माल, त्याच धक्क्यावरून, चढ्या भावात जात होता.

उत्तररात्र

खारा वारा, तुम्ही दिलेल्या उत्तरापुढे माझं उत्तर पुस्तकी वाटेल. अनुस्वारताईंच्या २०२१ च्या प्रश्नाचं खरं उत्तर तुमच्या शेवटच्या परिच्छेदात आहे.

२०१२-१३ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात खाणींमधली गुंतवणूक देशाच्या उत्पन्नाच्या नऊ टक्क्यांच्या आसपास पोचली होती. एरवी ती दोन टक्क्यांच्या घरात असायची. खाण बांधायला परदेशातून आलेला पैसा ऑसीत बदलावाच लागतो. मजुरी वाढते, महागाईची भीती वाढते, मध्यवर्ती बँक दर चढा ठेवते, आणि चढ्या दरामागे आणखी पैसा येतो. म्हणजे पाटीपेन्सिल म्हणतात तो ४.७५ टक्के दर खनिजापासून वेगळा नव्हता, तो खनिजाच्याच पोटी जन्माला आला होता. २०२१ मध्ये भाव चढला पण नव्या खाणी कुणी बांधायला घेतल्या नाहीत. खनिजाचा भाव टिकणार नाही असं सगळे धरून चालले होते, आणि टिकलाही नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात तो ९० च्या खाली होता.

कॅनडाचंही असंच. २०१४ च्या मध्यापासून तेल शंभरावरून २०१६ च्या सुरुवातीला तिशीच्या खाली आलं आणि कॅनेडियन डॉलर एका अमेरिकन डॉलरला १.०६ वरून १.४६ पर्यंत घसरला. तेव्हा तेल-वाळूतली (वाळूत मुरलेलं तेल काढण्यातली) गुंतवणूक आटली होती, चलन तेलामागोमाग गेलं. २०२२ मध्ये तेल पुन्हा शंभराच्या वर गेलं, पण गुंतवणूक परतली नाही. कंपन्यांनी कर्ज फेडलं, भागधारकांना पैसे वाटले. चलन १.२५ च्या आसपासच राहिलं आणि पुढे उतरलं.

आता येन. २०२२ चं कोडं तुम्हाला पडलं ते साहजिक आहे. डेस्कवरच्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांनाही त्या वर्षी सवयीनं येन घेऊन फटका बसला. त्या वर्षीचं संकट तेल-वायूच्या टंचाईचं होतं, आणि जपान जवळपास सगळं इंधन बाहेरून आणतो. व्यापारतूट वर्षाला २० लाख कोटी येनच्या घरात गेली. इंधन आणणाऱ्याला रोज येन विकून डॉलर घ्यायचे होते. म्हणजे आसऱ्याच्या चलनाला रोजचा विक्रेता मिळाला होता. त्यात जपानच्या मध्यवर्ती बँकेनं दहा वर्षांच्या रोख्याचं व्याज डिसेंबरपर्यंत पाव टक्क्यावर दाबून धरलं. शिवाय कॅरी कापला जावा अशी धावपळ झालीच नाही. उलट व्याजातला फरक वाढत गेल्यानं नवे सौदे उभे राहिले. ऑसी-येन जानेवारीत ८१ च्या आसपास होता तो सप्टेंबरात ९८ ला गेला.

फ्रँक का चढला? कारण स्विस मध्यवर्ती बँकेला तो चढायला हवा होता. याआधी अनेक वर्षं तिनं फ्रँक खाली ठेवायला परकीय चलन घेतलं होतं. २०११ मध्ये तर युरोला १.२० फ्रँकच्या खाली जाऊ देणार नाही असं जाहीर केलं होतं, आणि १५ जानेवारी २०१५ ला ते अचानक सोडल्यावर काही मिनिटांत भाव एकाच्या खाली गेला होता. २०२२ मध्ये मात्र महागाई आली, महाग फ्रँकमुळे आयात स्वस्त पडत होती, म्हणून जूनपासून तिनं दर वाढवायला सुरुवात केली आणि फ्रँकचा रस्ता मोकळा सोडला. दोन्ही धनको देश, दोन्हींकडे शिल्लक मोठी. पण एकाची मध्यवर्ती बँक एका दिशेला आणि दुसऱ्याची दुसऱ्या दिशेला.

येनचा तो गुण मेला असं मात्र समजू नका. २०२४ च्या जुलैत डॉलरमागे जवळपास १६२ येन होते. एकतीस जुलैला जपाननं दर पाव टक्क्यावर नेला, दोन दिवसांनी अमेरिकेतल्या रोजगाराचे आकडे कमकुवत आले, आणि पाच ऑगस्टला टोकियोचा शेअर निर्देशांक निक्केई एका दिवसात १२.४ टक्के कोसळला. ऑसी-येन जुलैतल्या १०९ वरून त्या दिवशी ९० ला टेकला. चार आठवडेसुद्धा लागले नाहीत. लोहखनिज त्या काळात थोडंसंच हललं होतं. २०२२ पासून साठलेला कॅरी एका दरवाजातून बाहेर पडत होता.

तुमच्या तक्त्यासाठी एक शेवटची सूचना, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तुम्ही महिनाअखेरचे भाव घेतलेत. ऑक्टोबर २००८ चा महिनाअखेरचा ऑसी-येन ६५ च्या आसपास आहे, कारण शेवटच्या आठवड्यात तो पंचावन्नवरून उसळला. तुमच्या रकान्यात पंचावन्न कुठेच नाही. ३ जानेवारी २०१९ चंही तसंच. जपानला सुट्टी होती, बाजारात फारसं कुणी नव्हतं, ॲपलनं आदल्या रात्री विक्री कमी होणार असं जाहीर केलं होतं, आणि ऑसी-येन काही मिनिटांत कोसळून तासाभरात बराचसा परत आला. महिनाअखेरच्या आकड्यात त्याचा मागमूस नाही. ज्यांची ठेव त्या मिनिटांत संपली त्यांना मात्र महिनाअखेर बघायला मिळाली नाही. निदान या तीन-चार काळांसाठी रोजचे उच्चांक आणि नीचांक घ्या.

पाटीपेन्सिल

माझे ऐंशी टक्के मागे घेतो. व्याजदर खनिजाच्या पोटी जन्माला येतो हा मुद्दा मी कधी तपासलाच नव्हता. ताई, तुमचा तक्ता झाला की नक्की टाका, व्याजदरांचे आकडे भरायला मी मदत करतो.

अनुस्वार

पाटीपेन्सिल, व्याजदराचे रकाने तुमच्याकडे. खारा वारा, तुमचा हिशोब मी खनिजाच्या रकान्याच्या वर टीप म्हणून लिहून ठेवलाय आणि खाणींमधल्या गुंतवणुकीचा एक नवा रकाना उघडलाय.

रोजचे भाव उतरवायला काल रात्री बसले. ऑक्टोबर २००८ पासूनच सुरुवात केली. सहा तारखेपासून पुढे नीचांकाचा रकाना बघताना हात थांबत होता. उत्तररात्र, तुमचा बासष्ट कुठल्या दिवशी येतो ते मी शोधलं नाही, पण चोवीस तारखेला पंचावन्न सापडला.